खिडकीबाहेरच्या तारा

“अरे, वाळलंय की नाही ते तरी विचार,” ताई म्हणाली, तोवर धाकट्याने अख्खा तळवा चित्रावरून फिरवलाही होता.

“वाळलंय. पण खरखरीत लागतंय गं. खालचा प्रायमर घासला नव्हतास का?”

“घासून गुळगुळीत करायचा नसतो तो. कापडाला दात हवेत. दात असले की रंग धरून बसतो.”

“दात,” धाकटा म्हणाला आणि त्याने पुन्हा हात फिरवला, या वेळी डोळे मिटून. डोळ्यांपेक्षा तळव्यावर त्याचा भरवसा जास्त. उभा जन्म गाड्या रंगवण्यात गेलेला. पत्रा ठोकून सरळ झाला, खड्ड्यात लांबी म्हणजे पुट्टी भरली, घासली, की तो असाच डोळे मिटून हात फिरवायचा. तळवा जिथे अडखळेल तिथे पुन्हा पाणी, पुन्हा घासायचा पेपर. गाडीला ठोकर नेमकी कुठे बसली होती हे खुद्द मालकालाही सापडू नये, एवढीच त्याच्या कामाची कसोटी.

ताईला बसल्याजागी कडवी जुळवायची खोड होती. तिने तिथल्या तिथे जुळवलं,

“माझा धाकटा रंगारी, त्याच्या रंगाला ना खूण,
गाडी नवी करून देतो, जातो स्वतःला पुसून.”

“पुसून जाण्याचेच पैसे मिळतात मला,” धाकटा म्हणाला. तो तिच्या बाटल्या उघडून हुंगत होता. त्याच्या कारखान्यात थिनरचा वास कपाळात चढायचा. इथे नुसता ओल्या खडूसारखा वास. “आणि हे असं जाड थापायचं? वाळताना फाटत नाही?”

“जाड थराखाली पातळ थर असला की नाही फाटत.”

“म्हणजे आमचंच शास्त्र की. मग ब्रशचे ओरखडे का ठेवतेस?”

“ते ओरखडे नाहीत, बाबा. हात कुठून आला नि कुठे गेला, ते आहे ते.”

धाकट्याला ते पटलं नाही, पण तो बघत राहिला. ताईच्या खिडकीतून जे दिसायचं तेच चित्रात होतं. उतरती छपरं, पाण्याच्या टाक्या, मागे तांबूस होत गेलेलं आकाश, आणि या घरावरून त्या घरावर गेलेल्या विजेच्या तारा. तारांपाशी त्याची नजर ठेचाळली. सगळ्या थरथरत होत्या. एखादी मध्येच जाड व्हायची, एखादी दचकल्यासारखी खाली यायची.

ताई शाळेत चित्रकला शिकवायची. फळ्यावर हातानेच असं वर्तुळ काढायची की पोरं कंपास घेऊन तपासायला जायची. निवृत्त झाल्यावर उजवा हात थरथरायला लागला. आता चहाचा कप ती दोन्ही हातांनी धरत होती, आणि तो ओठांपर्यंत पोचेपर्यंत धाकटा मुद्दाम खिडकीबाहेर बघत होता.

“वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन आहे,” ताई म्हणाली. “जुन्या शिक्षकांचं. मी हे एकच देणार आहे. फक्त वरचा वॉर्निश राहिलाय. मी लावला तर कुठे ओघळेल, कुठे कोरडा राहील. तुझी ती धूळ न येणारी खोली आहे ना? तिथे नेऊन स्प्रे-गनने मारून दे. डबा देते. पाण्यासारखा पारदर्शक आहे, एक पातळ हात पुरे.”

“तेवढंच?”

“तेवढंच. आणि पोचलं की फोन कर. मलाही बघायचीय ती खोली.”

कारखान्यातल्या बूथमध्ये, म्हणजे त्या धूळ न येणाऱ्या खोलीत, चारी बाजूंनी दिवे होते. तिथे कुणाचंही काही लपायचं नाही. गाडीच्या नव्याकोऱ्या दारावरचा केसाएवढा ओरखडाही दोरीसारखा दिसायचा. धाकट्याने चित्र स्टँडवर लावलं, दिवे पेटवले, आणि त्या उजेडात ताईचा हात पार उघडा पडला.

डेंटर डोकावला. पत्रे ठोकून ठोकून तो कानाने अधू झाला होता, म्हणून सगळ्या जगाशी ओरडून बोलायचा. “झकास आहे की! पण लाइनमनला बोलवा रे कुणीतरी. तारा झुलायला लागल्यात.”

तो आपल्या विनोदावर हसत हातोडीकडे परत गेला. धाकट्याला हसू आलं नाही. हॉलमध्ये लोक असेच उभे राहतील, असंच काहीतरी म्हणतील. ओरडून नाही, दबक्या आवाजात. ते अधिक वाईट. ज्या बाईने गावभरच्या पोरांना सरळ रेघ शिकवली, तिचा हात गेला म्हणतील. धाकट्याने वॉर्निशचा डबा बाजूला ठेवला.

आधी त्याने ओला पेपर एका कोपऱ्यात जरासा फिरवून पाहिला. कापड खाली दबत होतं; पत्र्यासारखा आधार नव्हता. जोर लावला तर फाटायचं. मग नुसती चमक उतरवण्यापुरता पेपर हलका फिरवून त्याने आकाशाचा रंग जुळवायला घेतला. पाण्यात कालवायचा रंग, गाड्यांचाच. तांबडा, पिवळा, चिमूटभर काळा. नमुन्याच्या पट्टीवर मारायचा, चित्राशेजारी धरायचा, डोळे किलकिले करायचे. चौथ्यांदा पट्टी आकाशात हरवली. तो रंग त्याने धुक्यासारखा पातळ मारला. कडेला येताना गन अशी वळवली की नवा रंग कुठे सुरू होतो ते सांगता येऊ नये. ताईच्या तारा हळूहळू धुक्यात गेल्या. वाळल्यावर त्याने बारीक टेप ताणून चिकटवली, फटीतून काळा रंग मारला, आणि टेप सोलून काढली.

एकेक तार सुतासारखी सरळ निघाली.

डेंटर पाठीमागे येऊन उभा होता. “ताईला विचारलंस का?”

“ओरखडा काढू का, असं गाडीवाल्याला विचारतो का आपण?”

“गाडीवाला स्वतः सांगतो, काढ म्हणून,” डेंटर म्हणाला. या वेळी तो ओरडला नाही, त्यामुळे धाकट्याला ते जास्त ऐकू आलं. पण रंग वाळत आला होता, आणि काम सुरेख झालं होतं. त्याने ताईला फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आली ती प्रश्नांची पोतडी घेऊनच. दारातच तिला रंगाच्या नमुन्यांच्या पट्ट्या दिसल्या. तिने एक हातात घेऊन तिरकी केली, परत सरळ केली. “हा समोरून चंदेरी नि कडेने काळपट. असं कसं रे?”

“आत ॲल्युमिनियमचा चुरा असतो. लांबून मारला तर एकसारखा बसतो, जवळून मारला तर गर्दी करतो.”

“अगदी माणसांसारखं.” ती बूथच्या जाळ्यांपाशी गेली, आत येणाऱ्या हवेसमोर पदर धरून बघितला, गनचं वजन विचारलं, नाकावरचा मास्क लावून बघितला. इतका आनंद तिला झालेला धाकट्याने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. मास्क लावूनच ती चित्राकडे वळली.

ती एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकेक तार बघत गेली.

“छान सरळ आल्यात,” ती शेवटी म्हणाली. मास्क काढून तिने नीट घडी घातली. “माझ्या कुठे गेल्या?”

“खाली आहेत. म्हणजे... ताई, दिव्यात फार दिसत होतं गं. लोक काहीबाही बोलले असते.”

“बोलले असते.”

“मग? मी कसं सहन करणार ते?”

“तू का सहन करणार? हात माझा.” ती स्टुलावर बसली. “हे बघ. शाळेत असताना मीसुद्धा हेच म्हणायचे. रेघ सरळ, कड स्वच्छ. हात थरथरायला लागला तेव्हा सुरुवातीला मनगट टेबलाला बांधून बघितलं, माहितेय? रुमालाने. मग एका सकाळी कंटाळून सोडून दिला. म्हटलं, जा तुला कुठे जायचं तिथे. आणि तो गेला. मला गंमत वाटली रे. हा कुठे वळेल, मलाच ठाऊक नसायचं. रोज सकाळी एक तार. दुसरी तार दुसऱ्या सकाळी. त्या वेळचा हात, त्या वेळची तार.”

“पुन्हा काढता येतील की.”

“आता ब्रशच धरता येत नाही,” ताई म्हणाली. “शेवटची काढली तेव्हाच तो दोनदा गळून पडला होता. म्हणून तर हे एकच देतेय.”

बाहेर डेंटरची हातोडी थांबली होती. धाकटा आपल्या बोटांकडे बघत होता. नखांच्या कडांना आकाशाचा रंग होता.

ताई उठली आणि तिने चित्रावर हात ठेवला, अगदी त्याच्यासारखा, डोळे मिटून. थरथरता तळवा त्या सपाट आकाशावरून सरकत गेला आणि एका ठिकाणी थांबला. “इथे आहे एक. लागतेय. बघ.”

त्याने हात लावला. खरंच होतं, धुक्याखाली उंचवटा होता, वाकडा, जिवंत. काल हा त्याच्या हाताला लागला होता आणि त्याने रंग चढवून त्याला गप्प केलं होतं.

“निघेल?” तिने विचारलं.

“वरचा थर माझा, अजून कच्चा आहे. तुझ्या रेघा उंच आहेत, म्हणजे पेपर आधी त्यांनाच लागणार. बघतो. पण ताई, थोडं तुझंही जाईल. किती ते आत्ता नाही सांगता येत.”

“थांबायचं कुठे, हे कसं कळतं?”

“पाण्यावरून. ओघळात माझा रंग येतोय तोवर घासायचं. तुझा यायला लागला की हात उचलायचा.”

“मग मी पाणी बघते,” ताई म्हणाली, आणि स्टूल ओढून अगदी जवळ बसली.

डेंटरला बोलावून त्याने कापडाच्या पाठीमागे लाकडी फळी धरायला लावली. डेंटरने कुरकुर न करता धरली. धाकट्याने सगळ्यात बारीक पेपर पाण्यात भिजवला, स्पंजवर गुंडाळला आणि नुसत्या बोटांच्या वजनाने फिरवायला सुरुवात केली. तांबूस ओघळ खाली आला. ताई दुसऱ्या स्पंजने तो टिपत होती, उजेडात धरून बघत होती, “अजून तुझाच,” म्हणत होती. ती स्पंज पिळायची तेव्हा अर्धं पाणी तिच्या मांडीवर सांडायचं. ती पुन्हा टिपायला लागायची.

आधी एक ठिपका दिसला. मग शेजारी दुसरा. कापडाच्या विणीचे जेवढे धागे उंच, तेवढ्याच ठिकाणी तार वर येत होती. मधल्या खळग्यांत धाकट्याचं आकाश तसंच भरून राहिलं होतं. ठिपक्याला ठिपका लागला आणि धुक्यातून काहीतरी थरथरत बाहेर आलं.

“माझा,” ताई म्हणाली.

त्याने हात उचलला.

तार तार करत दुपार कलली. त्याच्या स्वतःच्या सरळ तारा पुरत्या गेल्या नाहीत; घासून फिकट झाल्या आणि ताईच्या तारांमागे पडछायेसारख्या उरल्या. त्याही काढू का म्हणून त्याने पेपर उचलला, तर ताई म्हणाली, “असू दे. लांबच्या घरांच्या आहेत त्या.”

सगळ्यात वरच्या तारेपाशी मात्र चुकलं. तिथे तिने रंग अगदी पातळ लावला होता. पाणी रंग बदलायच्या आतच पांढरा धागा दिसला. धाकट्याने हात झटक्याने मागे घेतला, पण बोटभर तार गेलीच होती. अलीकडे होती, पलीकडे होती, मध्ये नव्हती.

“गेली,” तो म्हणाला.

ताईने वाकून बघितलं. “ती मला आठवतेय. त्या दिवशी खिडकीत ऊन आलं नव्हतं.”

“काळ्या रंगाचं नुसतं टोक टेकवू का? कुणाला कळणार नाही.”

“तुला कळेल. मला कळेल,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण धाकट्याने ब्रशकडे गेलेला हात मागे घेतला. डेंटर फळी खाली ठेवून खांदे चोळत उभा राहिला. त्याने चित्राकडे एकदा पाहिलं, फळी पुसून भिंतीला लावली आणि बाहेर गेला.

चित्र वाळल्यावर धाकट्याने वॉर्निश गाळून गनच्या कपात भरला. हवा कमी केली, कागदावर एक फवारा मारून बघितला. ताई मास्क लावून त्याच्याकडे, मग गनकडे बघत होती.

“मला देतोस?”

“जड आहे गं.”

“विचारलं होतं मी वजन. दोन्ही हातांनी धरते.”

त्याने गन दिली. चाप कसा ओढायचा, चित्रापासून किती लांब उभं राहायचं, कडेपाशी कुठे सोडायचं, ते सांगितलं. तिने गन उचलली. नळीचं तोंड वाऱ्यावरच्या पानासारखं हलत होतं. धाकट्याचे हात आपोआप पुढे आले, तिची मनगटं धरायला. तिने मान वळवून पाहिलं. त्याने ते खाली घेतले.

ताईने चाप ओढला. बारीक फवारा सुटला आणि आकाशावर पसरला. हात थरथरत होता, गन थरथरत होती, पण कापडावर पोचेपर्यंत फवारा एकमेकांत मिसळून एकसारखा बसत होता. ओल्या थराखाली छपरं गडद झाली, टाक्या उजळल्या, तारा आणि तारेतली ती बोटभर मोकळी जागा, सगळ्यावर सारखीच झिलई चढली.

“अरे,” ती मास्कमधून म्हणाली, “हे दिसतच नाही की यात. हात.”

“नाही दिसत,” धाकटा म्हणाला.

“मजा आहे.” आणि ती कडेने पुढे सरकली.

हवेचा जाड पाईप तिच्यामागे जमिनीवरून ओढला जात होता, गनला मागे खेचत होता. धाकट्याने वाकून तो उचलला, खांद्यावर घेतला, आणि त्याचं ओझं तिच्या मनगटावर येऊ नये एवढी ढील ठेवून, ती जाईल तसतसा तिच्या मागून चालत राहिला.