बाबूलालच्या जबड्यातली कुसुमावती

मयुरीचा फोन दुपारी सव्वादोनला आला. बाबूलाल मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता आणि तुटलेल्या धाग्याचं टोक दातांत धरून सांधत होता. दवाखान्यातून पोरगी एवढंच बोलली, "बाबा, आई गेली."

बाबूलालने दात मिटले ते मिटलेच. शेजारपाजार रडला, तेरवी झाली, पाहुणे गेले. त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. "गट्टा माणूस आहे गा, मनाचा पक्का," महाल वस्तीतल्या लोकांनी कौतुक केलं. गट्टा कसला? झोपेतसुद्धा तो दातावर दात रगडत होता.

सहा महिन्यांनी उजव्या कानापुढे ठणका लागला. भाकर चावली की कळ कानात जायची, कपाळात जायची, दाढेतही जायची. वर एक आवाज. तोंड उघडलं की कट्, मिटलं की पुन्हा कट्. शेजारच्या यमुताईंनी तो ऐकला आणि कपाळाला हात लावला. "हे दुखणं नाही जी. कोणीतरी बोलून राहिलं. नंदनवनात जा, मौनीनाथ महाराजाकडे."

नंदनवन वस्तीतल्या महाराजाच्या सभागृहात दर गुरुवारी दुपारी पाय ठेवायला जागा नसे. चपलांचा ढीग, उदबत्तीचा धूर, दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर. नाव मौनीनाथ, पण महाराजाचं तोंड घटकाभर बंद राहील तर शपथ.

"आत्मा कहां से जाता है? मुंह से! जाता जाता जबड्याच्या बिजागरीत अडकतो. डॉक्टर म्हणतो सूज आहे. अरे बेटा, सूज आणली कोणी? डॉक्टरच्या मशीनमधी आत्मा दिसत नाही, काहून की त्याच्या मशीनले नेटवर्क नाही! माझ्याकडे फुल टावर आहे!"

लोक टाळ्या वाजवत होते. महाराज भक्ताच्या कानापुढे चांदीची डबी धरी. डबीत माईक. भक्त आ करी आणि स्पीकरमधून सगळ्या सभागृहात आवाज घुमे, कट्!

बाबूलालचा नंबर आला. महाराजाने डोळे मिटले. "विणकराच्या घरची बाई आहे. कुसुमावती. एक ठोका म्हणजे हो, दोन ठोके म्हणजे नाही. हीच तिची बोली ना?"

बाबूलालच्या अंगावर काटा आला. तीस वर्षं तो मागावर आणि ती पलीकडच्या खोलीत धाग्याच्या कांड्या भरत बसलेली. धोट्याच्या खटखटीत बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून तो ओरडून विचारायचा आणि ती भिंतीवर ठोके द्यायची. चहा ठेवला का? एक ठोका. भूक लागली? दोन. हे महाराजाला कसं कळलं? रांगेत चहा देणाऱ्या, महाराजाच्याच सिंधूताईने "कशी बोले जी तुमची मालकीण?" असं डोळ्याला पदर लावून विचारलं होतं आणि त्याने सगळं भडाभडा सांगून टाकलं होतं. पण ते त्या क्षणी कोणाला आठवतं?

"विचार तिला," महाराज म्हणाले.

बाबूलालकडे एकच प्रश्न होता. कुसुमावतीला दवाखान्यात नेलं तेव्हा तो गेला नव्हता. मागावरच्या साडीचा पदर हातभर विणायचा राहिला होता. 'हा उतरवतो आणि येतो,' असं म्हणाला, आणि पोहोचायच्या आत ती गेली.

"तू माह्यावर रागावली का?"

"आ कर," महाराज म्हणाले. "आता मीट."

कट्. कट्.

नाही! सभागृहाने जयजयकार केला. महाराजाने अंगठ्याने कानापुढे मलम चोळलं, आणि काय सांगावं, त्या संध्याकाळी बाबूलालने अख्खी भाकर खाल्ली.

महाराजाची अट एकच होती. "गोळी घेतली, डॉक्टर केला, की ती गेली समज."

दोन महिन्यांत भाकर सुटली. बाबूलाल पेजेवर आला. गाल सुजला, नुसता टॉवेल लागला तरी तो ओरडे. पण गुरुवार चुकवत नसे. शेवटी मयुरीने बुटीबोरीच्या कंपनीतून सुटी काढली आणि बापाला आपल्या मैत्रिणीच्या, दातांच्या डॉक्टर भावनाच्या खुर्चीत नेऊन बसवलं.

भावनाने कानापुढे बोट ठेवलं. "काका, उघडा. मिटा." कट्, कट्. "सांध्यात एक छोटी गादी असते. ती जागेवरून सरकते आणि परत येते, त्याचा हा आवाज. तुम्ही दात आवळता, त्यानं सांध्याले सूज आली आहे. दातांवर बसवायले एक पट्टी देते, थोड्या दिवसांच्या गोळ्या देते."

"नको."

"काहून?"

बाबूलाल खाली बघत म्हणाला, "ते बंद झालं तर ती बोलन कशी?"

मयुरी तोंड उघडणार होती. भावनाने तिला खुणेने थांबवलं. महाराज आणि त्याचे ठोके मयुरीने तिला आधीच सांगितले होते.

"मग मले हे सांगा काका, सांधा कानापुढे आहे. दाढ काहून दुखते?"

"तेच तर म्हणतो मी!"

"तुमच्या ताण्याचे सगळे धागे फणीतून जातात ना? तसे जबड्याचे, कानाचे, दाढेचे, कपाळाचे दुखण्याचे धागे मेंदूच्या देठात एका जागी येतात. डोक्याच्या मागे, मानेच्या वर. गर्दी एवढी की कोणता धागा ओढला, मेंदूले नेमकं कळत नाही. सुजलेला सांधा दिवसभर तिथं बोंब मारतो. मग तिथला पहारेकरी चिडखोर होतो. टॉवेल लागला तरी म्हणतो, मारलं मारलं!"

बाबूलाल पहिल्यांदा हसला आणि कळ येऊन गाल धरून बसला. "पण महाराजाकडे गेलो की कमी होते. खोटं नाही सांगत."

"खोटं नाहीच ते. त्याच देठातून खाली हुकूमही सुटतो, की आता गप. माणसाले धीर आला, मायेचं कोणी आठवलं, की तो हुकूम सुटतो. कळ खरंच दबते. पण सूज तिथंच राहते, आणि तुम्ही औषध टाळलं म्हणून ती वाढली. आता एक गंमत करा. काकूले विचारा, भावना पोलीस आहे का? तोंड उघडा आणि उघडंच ठेवा."

कट्.

"हो म्हणाली! आता परत तेच विचारा, पण उघडा आणि मिटा."

कट्. कट्.

"आता नाही म्हणते. काकू एवढ्या लवकर बोल फिरवत होत्या का?"

"कधीच नाही," बाबूलाल म्हणाला. त्याने कानापुढे बोट ठेवून पुन्हा आ केला आणि मिटला. मग म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी त्यानं 'मीट' म्हटलं, म्हणून..."

"हो, काका."

पुढच्या गुरुवारी तो दरबारात पहिल्या रांगेत बसला. महाराज खुशीत होते. डबी लावून गरजले, "बोल कुसुमावती! मौनीनाथ तुझा सच्चा गुरू आहे का? बाबूलाल, आ कर आणि थांब!"

बाबूलालने आ केला. कट्. आणि थांबला नाही, मिटला. कट्!

दोन ठोके, म्हणजे नाही! महाराज घाईने म्हणाले, "परत विचारू. आत्मा दमला आहे."

"आत्मा नाही दमला जी, मीच तोंड मिटलं," बाबूलाल माईकमध्येच बोलला. "एक पाहिजे तर हा 'थांब' म्हणते, दोन पाहिजेत तर 'मीट' म्हणते. करून पाहा ना सगळे! कानापुढे बोट ठेवा आणि आ करा!"

दोनशे माणसांनी आ केला. कोणाचं वाजलं, कोणाचं नाही. दारावर चपला राखणारा लहानू ओरडला, "माहं बी वाजते गा! पण माह्या घरचे तर सगळे जित्ते आहेत!"

एक म्हातारी हसली, मग सगळं सभागृह हसलं. महाराज मात्र नावाला जागले. मागच्या दाराने निघून जाताना एक अक्षर बोलले नाहीत.

परतताना ऑटोत मयुरी सोबत होती. बाबूलाल म्हणाला, "मयुरी, ती रागावली होती का नाही, ते आता कधीच नाही कळत."

"बाबा, मी होती ना तिच्याजवळ. मले काहून नाही विचारलं तुम्ही?"

 दोन महिने बाबूलालने जबड्याला विचारलं, महाराजाला विचारलं. एकाच घरात जेवणाऱ्या पोरीला विचारलं नव्हतं.

"रागावली होती थोडी," मयुरी म्हणाली. "म्हणे, पदर पदर करत बसला असन. मग म्हणे, तो येईल तेव्हा त्याले आधी जेवू घाल."

बाबूलालचा जबडा सुटला. भर ऑटोत तो ओक्साबोक्शी रडला. ड्रायव्हरने आरसा वळवून घेतला.

आता तो रात्री दातांवर पट्टी लावतो आणि भाकर खातो. कट् आवाज अधूनमधून येतो. दुखत नसेल तर नुसत्या आवाजाला औषध लागत नाही, असं भावना म्हणते. गेलेलं माणूस सांध्यात अडकत नाही. दुखलं तर डॉक्टरला दाखवा, आणि गेलेल्याबद्दल काही विचारायचं असेल तर जे जवळ होते त्यांना विचारा. बाबूलाल हे भेटेल त्याला सांगतो.

मौनीनाथविरुद्ध पोलिसांत द्यायला त्याने आणि लहानूने तक्रार लिहिली आहे. तिच्यावर अकरा जणांच्या सह्या झाल्या. सह्या घ्यायला उरलेल्या भक्तांच्या घरी जायचं अजून राहिलं आहे.