पाटीवरचा सुभेदार

बडोद्याच्या दांडिया बाजारात त्या रविवारी मल्हाररावांच्या दारापुढे चपलांचा असा ढीग पडला होता की खालच्या फरसाणवाल्याला स्वतःची पायरी सापडेना. वर दिवाणखान्यात माणसं खेटून बसली होती आणि मधोमध, चौरंगावर, नऊ वर्षांच्या समरजितला जरीची पगडी घालून बसवलं होतं. घरच्यांसाठी तो मल्हाररावांचा नातू. जमलेल्यांसाठी मात्र तो जुन्या फौजेतला सुभेदार होता, फिरून जन्म घेतलेला.

समरजितला स्वमग्नता होती. तो बोलत नसे. ओला पदार्थ ताटात आला की ताट ढकलून देई, आणि छताचा पंखा फिरू लागला की खुदखुदत राही. आकांक्षा नावाच्या थेरपिस्टने खपून त्याला चित्रांची कार्डं वापरायला शिकवलं होतं. तहान लागली की तो पाण्याचं कार्ड आणून आईच्या, मृदुलाच्या, हातावर ठेवी. एवढं जमायला काय घाम गाळावा लागला, हे तिचं तिला ठाऊक होतं.

मग जवळच्या करजणहून स्पर्शबापू नावाचे बाबा आले. “डॉक्टरलोकांना शुं खबर, बेन?” ते म्हणाले. “आत्मा मुका नसतो. एने फक्त पाटी जोइए.” त्याला फक्त पाटी हवी.

पाटी बापूंचीच होती, लाकडी, रंगवलेली, गुजराती मुळाक्षरांची. बापू मुलाचं मनगट धरत, डोळे अर्धे मिटून घेत, आणि मुलाचं बोट अक्षराअक्षरावरून फिरू लागे. पहिल्याच दिवशी पाटीवर आलं, “बा, मने बधुं समजाय छे.” मला सगळं समजतं. मृदुला भिंतीला टेकून हमसून हमसून रडली. या घरात आईला कुणी बा म्हणत नाही, हे तिच्या ध्यानात आलं होतं. पण इतकी वर्षं वाट पाहिलेल्या बाईने मनातल्या मनात बाची आई करून घेतली, यात तिचं काय चुकलं?

दुसऱ्या बैठकीत पाटीने कळवलं की आपण पूर्वी फौजेत सुभेदार होतो. बडोद्याच्या जुन्या मराठा घरांत याहून स्फोटक वाक्य नाही. इथे घरटी एक तरी सुभेदार तसबिरीत टांगलेला असतो. मल्हारराव म्हणाले, हे आमचे पणजोबा. शेजारच्या पिलाजीरावांनी आपल्या पूर्वजाची तसबीर आणून पोराच्या डोक्याशी धरली आणि कानाची पाळी जुळते असं जाहीर केलं. दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं, पण बैठक कुणी चुकवेना. बाकीचे लोक गणपतीतल्या मानाच्या आरतीचा निवाडा सुभेदाराकडे मागू लागले, मुलींची लग्नं त्याला विचारून ठरवू लागले. पिलाजीरावांच्या सुनेने तर वॉशिंग मशीन कुठलं घ्यावं हे विचारलं, आणि फौजेतल्या त्या वीराने तेही सांगितलं. मराठी सुभेदार गुजराती अक्षरांत कसा बोलतो, असं कुणीतरी पुटपुटलं. इथेच राहिला, शिकला असेल, असं सर्वानुमते ठरलं.

इथवर सगळा तमाशाच होता. पण त्या रविवारी पाटीवर हुकूम उमटला की चित्रांमुळे आत्मा गुदमरतो, थेरपी बंद करा आणि कार्डं विश्वामित्री नदीत सोडा. मृदुलाचा नवरा अनुज मुकाट्याने पिशवी आणायला उठला. विश्वामित्रीतल्या मगरींना त्या कार्डांचा काय उपयोग, ते देव जाणे. कार्डं गेली तर तिच्या पोराला मात्र पाणी कसं मागायचं ते उरणार नव्हतं.

तिने समरजितकडे नीट पाहिलं. बोट पाटीवर धावत होतं आणि पोराची नजर पंख्यावर होती. पाटीकडे न बघता तो अक्षरं शोधत होता. तिने वर बघत मांडीवर ठेवलेल्या मोबाइलवर स्वतःचं नाव टाइप करून पाहिलं. धड एक अक्षर जुळलं नाही.

मग तिने बापूंना चहा दिला आणि मल्हारराव, पिलाजीराव व समरजितला आतल्या खोलीत नेलं. सुभेदार नक्की कुणाचा याचा आज निकाल लावू, म्हटल्यावर दोघे म्हातारे निमूट आले. आत समरजितने त्यांच्यासमोर शेव-ममरे, म्हणजे शेव-चुरमुरे, खाल्ले. श्रीखंडाची वाटी मृदुलाने मल्हाररावांपुढे केली. मधुमेह विसरून त्यांनी ती अर्धी केली. ती अर्धी वाटी हातात घेऊन मृदुला मुलासह बाहेर आली, मागोमाग ते दोघेही आले, आणि तिने वाटी बापूंच्या समोर ठेवली.

“समर, आत काय खाल्लंस रे?” तिने विचारलं.

बापूंनी मनगट धरलं. बोट झरझर फिरलं. “श्रीखंड. बहु मीठुं.” खूप गोड.

पिलाजीरावांचा चेहरा पडला. “बापू, याने तर ममरे खाल्ले. मी बघितलं.”

“शरीराने ममरे खाल्ले,” बापू शांतपणे म्हणाले. “आत्म्याने श्रीखंड.”

आणि गंमत बघा, अर्ध्या खोलीने माना डोलावल्या. तेव्हा मृदुलाने पाटी ओढून घेतली. पिलाजीरावांना म्हणाली, “काकासाहेब, डोळे मिटा आणि हात सैल सोडा.” त्यांचं मनगट धरून तिने विचारलं, मागच्या जन्मी आपण कोण होता? पिलाजीरावांचं बोट सरकत निघालं आणि लोक मोठ्याने वाचू लागले. “मांडवीनी गाय.” मांडवीच्या चौकातली गाय.

हशा पिकला. पिलाजीरावांनी डोळे उघडले. “मी नाही हलवलं,” ते रडवेले होऊन म्हणाले.

“मी हलवलं,” मृदुला म्हणाली. “हात तुमचा, बोलणं माझं. ज्याने मनगट धरलंय त्याला जे माहीत, तेच पाटीला माहीत. धरणाऱ्याला कधीकधी स्वतःलाही कळत नाही की आपण ढकलतोय. बापूंना कळत होतं की नाही, ते बापूंनी सांगावं.”

बापूंना नेमकी करजणची बस आठवली.

मल्हारराव तिथेच बसून राहिले. “पण पाटीवर तो मला आबा म्हणाला होता गं,” ते हळूच म्हणाले.

“नाही, आबासाहेब. मलाही तसंच वाटलं होतं.” ती त्यांच्याजवळ खाली बसली, मग सगळ्यांकडे वळली. “ज्याला बोलता येत नाही त्याच्या तोंडून आपल्याला हवं ते ऐकणं फार सोपं असतं. कुणी मुलाचा हात धरून चमत्कार दाखवला, तर आधी त्याला हात सोडायला सांगा. मग मुलाला माहीत असलेलं आणि त्याला माहीत नसलेलं काहीतरी विचारा. खरं उत्तर आलं तर पहिली मी पाया पडेन.”

मागून कुणीतरी हिरमुसून विचारलं, मग आता पोराच्या मनातलं कळायचं कसं?

त्या प्रश्नासरशी पुन्हा गलका सुरू झाला. समरजित दोन्ही तळव्यांनी कान गच्च दाबून मागेपुढे झुलत होता.

“आत्ता सांगतोय तो,” मृदुला म्हणाली. “सगळ्यांनी आपापल्या घरी जा म्हणतोय. आणि बघा, त्याचा हात कुणी धरलेला नाही.”