निबीखालच्या तीन रेघा

दारव्ह्याच्या बस स्टँडसमोर तीस वर्षं पेन दुरुस्त केले म्या. आता ते दुकान नाही, पण ऑनलाइन जुने पेन घेणारे-विकणारे मले धाडतात, भीमराजभाऊ, असली का नकली तेवढं सांगा. मी भिंग लावून पाहतो अन् सांगतो. मोठा पारखी म्हणतात मले. आग लागो त्या पारखीले!

परवा वर्षा आली. बोरी अरबजवळच्या तांड्यातल्या किसनसिंग मास्तरची पोरगी, स्वतःही शाळेत मास्तरीण. मास्तर मागच्या साली वारला. त्याचा विलायती पेन तिनं लेकीच्या ॲडमिशनसाठी ऑनलाइन विकला, तर पुण्याच्या गिऱ्हाइकानं वापस धाडला. वरतून पेनवाल्यायच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकून लिहिलं, या बाईपासून सावध रहा.

"काका, शाळेतल्या साऱ्यायनं वाचलं ते," तिनं पेन माह्यापुढं ठेवला. "नीब नकली आहे म्हणतात. तुम्ही लिहून द्या ना, पेन असली आहे म्हणून. तुमचं सारे मानतात."

म्या नीब ओढून काढली. साधी स्टीलची, वर सोन्याचा मुलामा, तोही उडालेला. अन् तिच्याखालच्या, शाई पुरवणाऱ्या काळ्या जिभेवर तीन बारक्या रेघा.

त्या रेघा माह्याच. दुरुस्त केलेल्या दर पेनाले मी आतून तशी खूण करत जाओ. उद्या कोणी भांडाले आलं तर आपलं काम आपल्याले ओळखता आलं पाहिजे ना! भल्ला शहाणा होतो मी. पस्तीस वर्षांमागं मास्तरनं शाई गळते म्हणून हा पेन देल्ला होता. नवं लग्न होतं माहं, बायकोले नाकातल्या सोन्याच्या फुलीचा शब्द देऊन बसलो होतो. मास्तरची चौदा कॅरेटची नीब काढून घेतली अन् ही बसवली. तो बिचारा मरेपर्यंत तिनंच लिहत राह्यला.

तेवढ्यात माही बायको, विमल, चहा घेऊन आली. नाकात तीच फुली. सोनं कुठून आलं, तिले आजवर माहीत नाही.

"कोणी बदलली असंन, काका?" वर्षानं विचारलं. "तुमच्याशिवाय बा कोणाच्या हातात हा पेन देत नोता."

ती संशयानं नाही बोलली, भरवशानं बोलली. एक खरा शब्द बोललो असतो, तर पोरगी सुटली असती. पण मंग मले पारखी कोण म्हणलं असतं?

"तुह्या बानंच विकली असंन," मी म्हटलं. "अडचणीत माणूस काय करत नाही?"

वर्षानं डोळे पुसले. मंग मोबाइलवर लिहाले लागली. लिहून झालं तं मलेच वाचून दाखवलं.

"सोन्याची नीब माझ्या वडिलांनी विकली होती. मला माहीत नव्हतं. त्यांच्या वतीनं मी सगळ्यांची माफी मागते." मंग माह्याकडं पाहून विचारलं, "बरोबर आहे ना, काका? टाकू ग्रुपवर?"

"टाक," म्हटलं मी.

तिनं टाकलं. अन् जाताना माह्या पाया पडून गेली.