आईच्या आधी सगळ्यांना

सकाळी साडेनऊला मावशीने सलूनच्या काचेवर कागद चिकटवला: ‘शांत खुर्ची. आमची भाची ऑटिस्टिक आहे. तिला सांभाळून घ्या.’

भाची दहाला कामावर आली, तेव्हा दोन बायका बाहेर उभ्या राहून तो वाचत होत्या. तिनेही वाचला. अकराला आई केस रंगवायला येणार होती, आणि आईला यातलं काहीच माहीत नव्हतं.

निदान होऊन महिना झाला होता. काल तिने ते मावशीला सांगितलं, ते ती सलूनची मालकीण म्हणून. खुर्चीजवळचा रेडिओ बंद हवा, ड्रायर पलीकडे हवा, गिऱ्हाइकाशी गप्पांची सक्ती नको. मावशीने सगळं कबूल केलं, डोळेही पुसले. पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

“मावशी, हे काय?”

“तुझीच सोय केली गं. आता कोणी तुला शिष्ट म्हणणार नाही.”

“मी तुला सांगितलं होतं. दवंडी पिटायला नव्हतं सांगितलं.”

“लपवण्यासारखं काय आहे त्यात?”

“लपवायचं नाहीच. सांगायचंय. पण मी सांगणार, आणि आधी आईला.”

मावशी चपापली. “म्हणजे ताईला अजून... अगं, मला वाटलं, तिलाच पहिलं कळलं असेल!”

आईने जन्मभर लेकीची वकिली केली होती. लाजाळू आहे, दमलीये, डोकं दुखतंय. आरशासमोर उभं करून डोळ्यांत बघून बोलायला शिकवलं होतं. हे बाहेरून कळलं तर आई एवढंच ऐकणार, की तुला तुझी पोर कळली नाही. म्हणून भाचीने वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. रविवारी, दोघीच असताना बोलायची.

तिने कागद फाडून काढला. तेवढ्यात नेहमीच्या शिक्षिकाबाई आल्या, खुर्चीत बसल्या आणि मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, “मागून... थोडेच... काप हं, बाळा. जमेल ना?”

“सहा वर्षं जमतंय, बाई. आणि मला ऐकू नीट येतं. जरा जास्तच येतं.”

बाई ओशाळल्या. “मग गप्प बसू?”

“बसलात तर बरं होईल.” कात्री उचलता उचलता ती थबकली. कागद तर बाईंनी पाहिलाच नव्हता. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“मावशींच्या स्टेटसवर होतं की.”

मावशीने घाईघाईने फोन काढला. स्टेटस बघणाऱ्यांत ‘ताई’ होती. पावणेदहाला.

भाचीने आईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. बाई ओल्या केसांनी मुकाट बसून होत्या. अकरा वाजले, आई आली नाही. मग मावशीचा फोन वाजला.

“ताईचा आहे,” मावशी कुजबुजली. “मी बोलते, मी समजावते तिला.”

“नको. दे इकडे.” भाचीने फोन घेतला. “आई, मी बोलतेय.”

“मावशीला दे.”

“देते. आधी माझं ऐक.”

“मावशीला दे म्हटलं ना!”

जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. “नाही देणार,” ती म्हणाली.

अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन तिच्याच हातात होता. पलीकडे आई बोलत नव्हती, पण तिने तो ठेवलाही नव्हता.