शंभर टक्क्यांच्या बाहेरची मुलं

रविवारची मिस्सा संपली तरी वटारच्या चर्चच्या हॉलमधून कुणी घरी जाईना. उमेळ्याहून माणसं आली होती, विरारहून आली होती, मागे उभं राहायलाही जागा नव्हती. समोरच्या पडद्यावर पाच उभ्या पट्ट्या दिसत होत्या. चार बुटक्या आणि एक थेट छताला टेकलेली.

"परदेशातली पाच मेडिकल कॉलेजं!" व्हिव्हियन सर माइकवर गरजले. "तिथून शिकून आलेल्याला इथे परवान्याची परीक्षा द्यावी लागते. पास झाला तर डॉक्टर, नाहीतर घरी. या कॉलेजचे पास वीस टक्के. त्याचे तीस. आणि आपल्या कॉलेजचे? बोला माझ्याबरोबर!"

"शंभर!" हॉल दणाणला. एका म्हातारीने छातीवर क्रूस काढला.

सरांच्या गळ्यात स्टेथोस्कोप होता. सर डॉक्टर नव्हते, परदेशी प्रवेश मिळवून देणारे एजंट होते. पण अंगारा वाटणाऱ्याला भगव्याचं कारण कोण विचारतं?

शेवटून दुसऱ्या रांगेत ॲंजेला बसली होती. त्याच शंभर टक्केवाल्या कॉलेजात ती पाच वर्षं शिकली होती आणि डिग्रीशिवाय परतली होती. "तब्येत मानवली नाही तिकडे," असं तिच्या वडिलांनी, सिप्रियनने, गावात सांगितलं आणि गावाने ते मान्य केलं. वटारची माणसं भली, दुखतं तिथे बोट लावत नाहीत. परतल्यापासून ॲंजेलाला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. आताही ती उंच पट्टी बघून तिला राग आला नाही, याचं तिला जरा भय वाटलं.

या चर्चची एक रीत होती. सणाच्या दिवशी मिस्सा झाली की पास झालेल्या मुलांना वेदीपाशी बोलावायचं, फादर नाव वाचणार, शाल घालणार, सगळे टाळ्या वाजवणार. त्या कॉलेजातून आलेल्या तिघांना अशी शाल मिळाली होती. नापासांची नावं कोण वाचणार? त्यामुळे गावाच्या हिशेबात तिघे गेले आणि तिघेही डॉक्टर झाले. सरांची पट्टी आणि गावाचा अनुभव अगदी तंतोतंत जुळला.

शेजारी आल्बर्ट अंकलनी मुलीचा प्रवेशाचा फॉर्म मांडीवर घेतला. फीसाठी वाडीचा विहिरीकडचा तुकडा ते बिल्डरला देणार होते, उद्याच. त्यांची ॲनिशा आनंदाने जागच्या जागी हलत होती.

"दीदी, तिकडे बर्फ पडतो ना गं? तू कधी काही सांगितलंच नाहीस."

ॲंजेलाने आल्बर्ट अंकलच्या मांडीवरचा फॉर्म पाहिला. मग उठून उभी राहिली.

"सर, शंभर टक्के म्हणजे किती मुलं?"

"सगळी!" सर हसले. टाळ्या पडल्या.

"परीक्षेला बसलेली सगळी. पण बसली किती?"

सर रिमोट चाचपू लागले. पुढच्या रांगेतून फादर म्हणाले, "सांगा ना, साधा प्रश्न आहे."

"गेल्या तुकडीतली... बारा."

"ती माझीच तुकडी. वर्गात आपल्या देशातली साठ होती," ॲंजेला म्हणाली. वेळापत्रक वाचावं तसा तिचा आवाज होता. "शेवटी कॉलेज स्वतःची एक चाचणी घेतं. त्यात जे नक्की पास होतील असे दिसतात, त्यांनाच डिग्री देतं. बाकीच्यांना कागदोपत्री दुसऱ्या कॉलेजात ढकलतं; तिथे पुन्हा वर्षं, पुन्हा फी, म्हणून बहुतेक तशीच घरी येतात. डिग्री नाही तर परवान्याची परीक्षा नाही. मग राहिलेले बाराच्या बारा पास होणारच. बाकीची चार कॉलेजं आपल्या सगळ्या मुलांना बसू देत असतील तर त्यांची पट्टी बुटकीच दिसणार. ती चांगली आहेत असं मी म्हणत नाही. पण ही तुलनाच खोटी आहे."

"बेटा, तुझी तब्येत बिघडली होती ना?" सरांचा आवाज मधात बुडाला. "अभ्यास झेपला नाही की कॉलेजला नावं ठेवू नयेत. प्रार्थना कर."

"मी पास झाले असते की नाही, मला माहीत नाही. मला बसूच दिलं नाही." मग ती हॉलकडे वळली. "आपल्याकडून या कॉलेजात ज्यांची मुलं गेली, त्यांनी हात वर करा."

तीन हात झटकन वर गेले. शालवाली घरं.

"आणि शाल न मिळालेली?"

 मग मागच्या भिंतीपाशी खाडीकडच्या हरेश्वरकाकांनी हात उचलला.

"माझा पोरगा. घरीच हाय. कोनी इचारलं नाय, म्हनून आमी सांगितलं नाय."

आग्नेसबाईंनी हात वर केला. मग आणखी एक, आणखी दोन. एका घराने दुसऱ्याकडे बघावं आणि चकित व्हावं, असं चाललं होतं. आठ हात झाले तेव्हा सर म्हणाले, "हे बघा, विश्वास नसेल तर—" पण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

सगळ्यात शेवटी सिप्रियनचा हात वर गेला. पुरता नाही, खांद्यापर्यंतच.

"माझ्या पोरीची तब्येत ठणठणीत होती," तो म्हणाला आणि खाली बसला.

आल्बर्ट अंकलनी पेनाला टोपण लावलं. पडद्यावरच्या पट्ट्या विझल्या. सर वायर गुंडाळू लागले. स्टेथोस्कोप त्यांनी कधी काढला ते कळलंही नाही.

ॲनिशा रडत होती. ॲंजेला तिच्याजवळ बसली. आत अजूनही फारसं काही हललं नव्हतं, पण बोलता येत होतं.

"डॉक्टर हो, मी नको म्हणत नाही. पण कुणी टक्के दाखवले की आधी विचार, गेले किती, आणि परीक्षेला न बसलेल्यांचं काय झालं. कॉलेजला विचार, एजंटला विचार, वेदीवरून नावं वाचणाऱ्या फादरनाही विचार. उत्तर देणार नाहीत तिथे जाऊ नकोस."

ॲनिशाने मान हलवली.

"आणि हो," ॲंजेला म्हणाली, "बर्फ पडतो. खूप पडतो."