दोन मिनिटांची शांतता

आमच्या पंपांच्या कारखान्यात कुणी वारलं, की शोकसभेतली दोन मिनिटांची शांतता कॉम्प्युटर मोजतो. घड्याळाकडे बघत दुःख करणं बरं दिसत नाही, असं साहेबांचं मत. प्रोग्रॅम माझा. एक टोल, मग थांबायचं, मग दुसरा टोल.

पहिल्या वेळी मी त्याला १२० थांबायला सांगितलं. ती सिस्टीम निघाली सेकंदाचा हजारावा भाग मोजणारी. माना खाली जायच्या आत दुसरा टोल! वारलेल्या रखवालदाराचे भाऊ असे भडकले, की विचारू नका. साहेब म्हणाले, "पुन्हा चूक केलीस तर घरचा रस्ता धर." मी आकडा एक लाख वीस हजार केला आणि सुटलो.

गेल्या महिन्यात कॉम्प्युटर बदलला, सिस्टीमही दुसरी आली. प्रोग्रॅम मी होता तसाच उचलून ठेवला.

आणि फोरमनमामा गेले. सभेला मामी आल्या, सत्तरीच्या, काठी टेकत. सकाळी दहा-चाळीसला टोल पडला, आम्ही दीडशे जण उभे राहिलो आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. ही सिस्टीम सरळ सेकंद मोजते. दुसरा टोल पडणार होता तेहतीस तास वीस मिनिटांनी.

दहा मिनिटं झाली. सगळ्यांत आधी खाली बसायची कुणाची छाती होईना. वीस मिनिटांनी हिशेबनीस रडू लागले. बाकीच्यांना भरून आलं, मला मात्र त्यांचे गुडघे ठाऊक होते. साहेब एक डोळा उघडत, इकडेतिकडे बघत आणि घाईने मिटून घेत. मी तोंडाला कुलूप लावून उभा. नोकरी कुणाला नको असते?

मग मामींची काठी थरथरू लागली. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"साहेब, चूक माझी आहे," मी मोठ्याने म्हणालो. "हा टोल उद्या रात्री आठला पडेल. मामी, बसा तुम्ही."

दीडशे माणसं धपकन बसली. साहेबांनी बसल्या जागेवरून माझ्यावर बोट रोखलं.

"किती वेळ झाला रे?" मामींनी विचारलं. त्या अजून उभ्याच होत्या.

"पस्तीस मिनिटं."

"अहो साहेब, आमची मुलगी झाली त्या दिवशी यांनी अर्धा तास मागितला होता," मामी म्हणाल्या. "तुमच्या वडिलांनी मशीन थांबवू दिलं नाही."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाळा, त्या कॉम्प्युटरला एवढ्यात हात लावू नकोस."

साहेबांचं बोट खाली आलं. ते उठून उभे राहिले, आणि त्यांच्यामागून आम्ही सगळे.