नाव कोणाचं छापायचं

पोलिसात तक्रार झुंबरबाईनं स्वतः दिली होती. गावातल्या दोन मोठ्या माणसांनी घरी येऊन 'जाऊ दे' म्हटलं, तरी ती शिरपूरला जाऊन अंगठा देऊन आली. मुलगी दहा वर्षांची. तिचं नाव मी सांगणार नाही.

चौथ्या दिवशी धुळ्याच्या एका दैनिकात बातमी आली. शेजारच्या बेबाबाईनं ती वाचून दाखवली. वर मथळा, 'बालिकेची अब्रू लुटली'. खाली मुलीचं नाव, बापाचं नाव, शाळा, इयत्ता. ती भरदुपारी एकटीच दळण आणायला गेली होती, हेही होतं. ज्यानं अत्याचार केला तो रुपचंद मात्र 'गावातील एक गिरणीचालक' एवढाच.

दुसऱ्या दिवशी मुलगी मधल्या सुट्टीतच घरी आली. कोणीतरी तो अंक तिच्या बाकावर ठेवला होता.

"माय, माले आते शाळामा जानं नही," एवढं बोलून ती भिंतीकडे तोंड करून निजली.

झुंबरबाईनं सकाळची पहिली एसटी धरली.

संपादक कौतिकराव माणूस वाईट नव्हते. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं. "अक्का, बातमी खोटी आहे का?"

"खरी शे, भाऊ. मंग त्यानं नाव का बरं नही?"

"त्याच्यावरचा आरोप अजून सिद्ध व्हायचाय. उद्या तो आमच्यावर दावा लावेल."

"आनि मनी पोरवर काय सिद्ध व्हयनं?"

कौतिकरावांनी तो अंक पुढे ओढून बातमी पुन्हा वाचली.

कोपऱ्यात मुद्रितं तपासणाऱ्या सुनंदाबाई उठून उभ्या राहिल्या. अकरा वर्षांच्या नोकरीत त्या साहेबांच्या बोलण्यात कधी पडल्या नव्हत्या. "हे पान माझ्या हाताखालून गेलं," त्या म्हणाल्या. "तिच्या नावातली वेलांटी चुकली होती, ती मी दुरुस्त केली. नावच खोडावं हे सुचलं नाही. साहेब, असं नाव छापणं त्र्याऐंशीपासून गुन्हा आहे. सात वर्षं झाली. आपल्याला माहीत होतं."

झुंबरबाईचं मागणं साधं होतं. माफी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. आणि तो मथळा पुन्हा कोणत्याच पोरीवर नको. "इज्जत त्यानी गई, भाऊ. मनी पोरनी नही."

कौतिकरावांनी तिथंच माफी लिहायला घेतली. पहिल्याच ओळीत मुलीचं पूर्ण नाव आलं. सुनंदाबाईंनी लाल पेनानं ते खोडलं. कौतिकराव वरमले, कागद फाडला आणि पुन्हा लिहायला बसले.

माफी छापून आली त्या दिवशी झुंबरबाईनं तो अंक हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवला. पुढच्या सोमवारी मुलगी शाळेत गेली. महिनाभर झुंबरबाई फाटकापर्यंत सोबत जात होती, मग मुलगीच नको म्हणाली.

दीड वर्षानं धुळ्याच्या कोर्टात खटला उभा राहिला. बंद दालनात मुलीची साक्ष झाली. रुपचंदच्या वकिलानं प्रश्न फिरवून फिरवून विचारले. ती रडली, पाणी प्यायली आणि जे सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं. बाहेर एक फोटोग्राफर दाराशी टपून होता. सुनंदाबाई त्या दिवशी रजा काढून आल्या होत्या. त्या त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"फोटो काढायचाय ना? थांबा थोडं. आरोपीला याच दारानं बाहेर आणतील."

निकालाच्या दिवशी रुपचंदला बेड्या घालून नेलं, तेव्हा कॅमेरा त्याच्यावरच चमकला. त्यानं रुमालानं तोंड झाकलं.

दुसऱ्या दिवशीचा मथळा होता, 'गिरणीचालक रुपचंद यास दहा वर्षे सक्तमजुरी'. ओसरीत बसून मुलीनंच तो माय आणि बेबाबाईला वाचून दाखवला. तिच्याबद्दल अख्ख्या बातमीत एकच वाक्य होतं: 'मुलीने निर्भयपणे साक्ष दिली.'

"आखो वाच," झुंबरबाई म्हणाली.

मुलगी उठली, दारात जाऊन उभी राहिली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं ते वाक्य पुन्हा वाचलं.